लिआंग बुआची साक्ष

इंडोनेशियातील फ्लोरेस बेटाच्या पश्चिम भागात, रुतेंग या गावापासून थोड्या अंतरावर, चुनखडीच्या डोंगरात एक प्रशस्त गुहा आहे. तेथील मांगाराई भाषेत तिला ‘लिआंग बुआ’ म्हणजे ‘थंड गुहा’ म्हणतात. सप्टेंबर २००३ मध्ये या गुहेत सुमारे सहा मीटर खोल खड्ड्यात स्थानिक मजूर आणि इंडोनेशियाचे पुरातत्त्वज्ञ काम करीत असताना एका कवटीचा माथा दिसू लागला. कवटी इतकी लहान होती की ती एखाद्या बालकाची असावी, असाच प्रथम समज झाला. माती हळूहळू दूर केल्यावर जबडा उघडा पडला आणि हा समज टिकला नाही. त्यातील दाढा पूर्ण उगवलेल्या होत्या आणि वापराने झिजल्याही होत्या. ज्या व्यक्तीची ही हाडे होती, ती वयाने पूर्ण वाढलेली होती.

हाडे दगड बनलेली नव्हती. हजारो वर्षे ओलसर मातीत राहून ती भिजलेल्या पुठ्ठ्याइतकी मऊ झाली होती. हात लावताच ती मोडली असती. उत्खनन करणाऱ्यांनी ती आधी वाळू दिली. मग बाजारात मिळणारे नखांचा रंग पुसण्याचे द्रावण आणि साधा गोंद यांचे मिश्रण करून ते हाडांवर चढवले, आणि काही दिवसांनी ती मातीसकट उचलली. पुढे जगभरच्या मानवशास्त्रात ज्यावरून वादळ उठले, तो पुरावा मुळात इतका नाजूक होता. या वादाची कथा समजून घेताना ही गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते.

या गुहेत खोदकाम पूर्वीही झाले होते. १९६० च्या दशकात थिओडोर फेरहूवन या डच धर्मोपदेशकाने आणि नंतर इंडोनेशियाचे ज्येष्ठ पुरातत्त्वज्ञ आर. पी. सुयोनो यांनी येथे काम केले. २००१ मध्ये सुयोनो आणि ऑस्ट्रेलियाच्या न्यू इंग्लंड विद्यापीठातील माइक मॉरवूड यांच्या नेतृत्वाखाली संयुक्त उत्खनन सुरू झाले. मॉरवूड यांचा शोध वेगळ्याच प्रश्नाचा होता. ऑस्ट्रेलियाचे पहिले रहिवासी कोणत्या मार्गाने आले, याच्या खुणा त्यांना बेटांच्या या साखळीत हव्या होत्या. हाती आले ते मात्र कोणाच्याही अपेक्षेत नव्हते.

२८ ऑक्टोबर २००४ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात पीटर ब्राऊन, मॉरवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे निवेदन प्रसिद्ध झाले. हाडे सुमारे तीस वर्षांच्या स्त्रीची असावीत, असे त्यात म्हटले होते. तिची उंची १०६ सेंटिमीटर, म्हणजे साडेतीन फुटांच्या आसपास होती. मेंदूचे आकारमान केवळ ३८० घनसेंटिमीटर होते. नंतर सीटी स्कॅनच्या साहाय्याने हा आकडा सव्वाचारशेच्या घरात नेण्यात आला. आजच्या माणसाचा मेंदू सरासरी १३०० ते १४०० घनसेंटिमीटरचा असतो, आणि चिंपांझीचा चारशेच्या आसपास. जबड्याला हनुवटी नव्हती. आणि ही हाडे अवघ्या १८,००० वर्षांपूर्वीची आहेत, असे निवेदनात नमूद होते. शास्त्रज्ञांनी या स्त्रीला ‘एलबी-१’ हा क्रमांक दिला, तिच्या प्रजातीचे नाव ‘होमो फ्लोरेसिएन्सिस’ ठेवले, आणि वृत्तपत्रांनी एका प्रसिद्ध इंग्रजी कादंबरीतील बुटक्या लोकांवरून तिला ‘हॉबिट’ म्हणायला सुरुवात केली.

या आकड्यांनी अभ्यासक का चक्रावले, हे समजणे कठीण नाही. मानवाच्या लक्षावधी वर्षांच्या इतिहासात मेंदू क्रमाक्रमाने वाढत गेला, अशी सर्वसाधारण मांडणी होती. इतका लहान मेंदू आफ्रिकेतील वीस-तीस लाख वर्षांपूर्वीच्या प्राण्यांत आढळतो. तो अगदी अलीकडच्या काळात, आशियाच्या आग्नेय टोकाला एका बेटावर कसा असू शकेल? शिवाय त्याच थरांत दगडी हत्यारे होती, आणि स्टेगोडॉन या हत्तीच्या नष्ट झालेल्या भाऊबंदाची हाडेही होती. त्यातील काहींवर हत्यारांनी कापल्याच्या खुणा होत्या. म्हणजे हे लोक हत्यारे घडवीत होते आणि मांसही कापून खात होते. त्याहून मोठे कोडे त्यांच्या येण्याचे होते. समुद्राची पातळी कितीही खाली गेली, तरी फ्लोरेस बेट आशियाच्या भूभागाशी कधीच जोडले गेले नव्हते. तेथे पोहोचायला पाणी ओलांडणे भागच होते.

एक स्पष्टीकरण बेटांच्या निसर्गाकडे बोट दाखवीत होते. मोठ्या प्राण्यांचे कळप बेटावर अडकले की पिढ्यान्‌पिढ्यांत त्यांचा आकार लहान होत जातो, कारण अन्न मर्यादित असते आणि मोठे शिकारी प्राणी नसतात. याउलट लहान प्राणी पुष्कळदा मोठे होतात. फ्लोरेसवर स्टेगोडॉन खुजा झाला होता, आणि उंदीर मात्र प्रचंड झाले होते. कोमोडो ड्रॅगन हा महाकाय सरडा आजही तेथे आहे. हत्तीला जो नियम लागू झाला तो माणसाच्या कुळालाही लागू झाला असावा, असा ब्राऊन आणि मॉरवूड यांचा प्रारंभीचा तर्क होता.

हे सारे मान्य करायला अनेक अभ्यासक तयार नव्हते, आणि त्यांच्या शंकेला आधार होता. एकाच सांगाड्यावरून नवी प्रजाती जाहीर करणे धाडसाचे असते. ती व्यक्ती आजारी असेल तर? खुज्या लोकांच्या वस्तीतील एक रुग्ण स्त्री, असा या हाडांचा साधा अर्थ लागू शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. विज्ञानाच्या इतिहासात मात्र ही शंका उलट दिशेनेही चुकली होती. १८५६ मध्ये जर्मनीतील नेआंडर खोऱ्यात जाड भुवयांच्या हाडांची कवटी मिळाली, तेव्हा एका प्राध्यापकाने ती मुडदूस झालेल्या कोसॅक सैनिकाची ठरवली, आणि रुडॉल्फ फिर्खो यांच्यासारख्या विख्यात वैद्यकतज्ज्ञानेही ती हाडे विकारग्रस्त मानली. आज निआंडरथल मानवाविषयी कोणाला संशय नाही. तेव्हा लिआंग बुआच्या बाबतीत कोणती बाजू बरोबर, हे पूर्वीच्या दाखल्यांवरून ठरणार नव्हते. ते हाडांनाच विचारावे लागणार होते.

विरोधकांमध्ये सर्वांत वजनदार नाव तेउकू जेकब यांचे होते. योग्यकर्ता येथील गाजा माडा विद्यापीठातील हे प्राध्यापक इंडोनेशियाच्या मानवशास्त्राचे अध्वर्यू मानले जात. एलबी-१ ही लघुशीर्षतेचा, म्हणजे कवटी व मेंदू न वाढण्याचा, विकार झालेली आधुनिक स्त्रीच होय, असे त्यांनी ठामपणे सांगितले. त्यांच्या विरोधाला एक पार्श्वभूमीही होती. १८९१ मध्ये जावा बेटावर यूजीन द्युबुआ यांना मिळालेली आदिमानवाची हाडे डच राजवटीत हॉलंडला गेली होती. आपल्या भूमीतील पुराव्याचा अर्थ बाहेरच्यांनी लावावा आणि आपण तो वाचावा, ही गोष्ट स्वतंत्र देशाच्या विद्वानाला सलणे स्वाभाविक होते.

मात्र पुढे जे घडले त्याने मूळ पुराव्याचीच हानी झाली. निवेदन प्रसिद्ध झाल्यानंतर थोड्याच दिवसांत ही हाडे जकार्ता येथील पुरातत्त्व केंद्रातून जेकब यांच्या प्रयोगशाळेत नेण्यात आली. फेब्रुवारी २००५ मध्ये ती परत आली, तेव्हा कंबरेचे हाड चुरडलेले होते. दुसऱ्या एका व्यक्तीचा जबडा मोडून चुकीच्या पद्धतीने चिकटवलेला होता. साचे घेताना हे नुकसान झाले, असा आरोप मॉरवूड आणि ब्राऊन यांनी केला. जेकब यांनी तो फेटाळला. हाडे आपल्याकडे असताना सुस्थितीत होती, असे ते सांगत राहिले. दोष कोणाचा हा वाद मिटला नाही, पण दोष कोणाचाही असो, मोडलेले हाड पूर्ववत होणार नव्हते. त्यानंतर गुहेतील उत्खननाची परवानगीही थांबली आणि ती २००७ मध्ये पुन्हा मिळाली. ज्या काळात वाद सर्वाधिक पेटला होता, त्याच काळात नवा पुरावा मिळण्याचे दार बंद होते.

दरम्यान रोगनिदानांची संख्या वाढत गेली. २००६ मध्ये जेकब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिले की गुहेजवळच्या रामपासासा गावात आजही ठेंगणे लोक राहतात, आणि ही स्त्री त्यांच्याच पूर्वजांपैकी, वाढीत दोष असलेली असावी. २००७ मध्ये लॅरॉन सिंड्रोम या वाढीच्या संप्रेरकाशी संबंधित आनुवंशिक विकाराचे नाव पुढे आले. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातील काही संशोधकांनी थायरॉइडच्या जन्मजात न्यूनतेमुळे होणारी खुरटी वाढ सुचवली. २०१४ मध्ये डाउन सिंड्रोमचे निदान मांडण्यात आले. एकाच रुग्णाचे चार वैद्य चार निदाने करतात, तेव्हा त्यांपैकी एखादे बरोबर असू शकते. पण चौघांचीही निदाने रुग्णाच्या सर्व लक्षणांना लागू पडत नसतील, तर मुळात तो आजारी आहे का, हा प्रश्न पुन्हा विचारावा लागतो.

तपासणी नेमकी याच दिशेने गेली. डीन फॉक या मेंदूच्या उत्क्रांतीच्या अभ्यासक. त्यांनी २००५ मध्ये कवटीच्या आतील पोकळीचा संगणकावर साचा तयार केला आणि तो लघुशीर्षतेच्या कवटीशी जुळत नाही, असे दाखवले. तुलनेसाठी घेतलेली विकारग्रस्त कवटी एकच आहे आणि तीही लहान मुलाची आहे, असा आक्षेप आला. आक्षेप रास्त होता. फॉक यांनी २००७ मध्ये विकार असलेल्या नऊ आणि विकार नसलेल्या दहा व्यक्तींच्या कवट्या घेऊन तुलना पुन्हा केली. निष्कर्ष तोच राहिला. तोवर गुहेतील आणखी काही व्यक्तींची हाडेही अभ्यासली गेली होती. दुसरा जबडाही तितकाच लहान आणि हनुवटी नसलेला होता. एका व्यक्तीला दुर्मीळ विकार होऊ शकतो. वेगवेगळ्या काळातील अनेकांना तोच व्हावा, हे मानणे अवघड होते.

वादाला खरी कलाटणी मात्र मनगटाच्या एका लहानशा हाडाने दिली. स्मिथसोनियन संस्थेतील मॅथ्यू टोचेरी यांचा अभ्यास मनगटाच्या हाडांचाच होता. आधुनिक माणसात आणि निआंडरथल मानवात तर्जनीच्या मुळाशी असलेले एक हाड बुटाच्या आकाराचे असते. चिंपांझी, गोरिला आणि आफ्रिकेतील प्राचीन मानवसदृश प्राणी यांच्यात ते पाचरीसारखे असते. एलबी-१ चे हाड पाचरीसारखे होते. २००७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी हे मांडले, तेव्हा त्यातील तर्क साधा आणि भक्कम होता. मनगटाच्या या हाडांचा आकार गर्भावस्थेच्या पहिल्या काही महिन्यांतच ठरतो. वाढ खुंटवणारे आजार उंची कमी करतील, डोके लहान ठेवतील, पण आधुनिक माणसाचे मनगट वानराच्या मनगटासारखे घडवणार नाहीत. २००९ मध्ये पावलाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या स्त्रीचे पाऊल मांडीच्या हाडाच्या सुमारे ७० टक्के लांबीचे होते, तर आजच्या माणसात हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या आसपास असते. ती दोन पायांवर चालत होती, पण तिची चाल आजच्या माणसासारखी नव्हती, आणि लांब पल्ल्याचे धावणे तिला जमण्यासारखे नव्हते. कवटी, जबडा, मनगट आणि पाऊल यांची साक्ष आता एकाच दिशेने जुळू लागली होती.

तरीही शोध लावणाऱ्यांच्या मांडणीत एक मोठी चूक होती, आणि ती त्यांनी स्वतःच शोधून काढली. २००७ ते २०१४ या काळात थॉमस सुतिकना, वाह्यू साप्तोमो, जात्मिको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुहेतील मातीचे थर नव्याने, अधिक रुंद जागेत तपासले. हाडे असलेला जुना थर कधी काळी धूप होऊन तिरपा झिजला होता. त्या उतारावर पुढे नवी माती साचली. दोन्ही माती दिसायला सारख्या होत्या. पूर्वी वय काढण्यासाठी घेतलेला कोळसा त्या नव्या मातीतला होता. म्हणजे १८,००० वर्षे हे वय शेजारच्या थराचे होते, हाडांचे नव्हतेच. हाडांतील युरेनियम, मातीतील खनिजांचे कण आणि ज्वालामुखीची राख अशा वेगवेगळ्या मार्गांनी मोजणी झाली. मार्च २०१६ मध्ये ‘नेचर’मध्येच दुरुस्ती प्रसिद्ध झाली. त्यानुसार हाडे १,००,००० ते ६०,००० वर्षांपूर्वीची आहेत, आणि या लोकांची हत्यारे सुमारे १,९०,००० ते ५०,००० वर्षांपूर्वीच्या थरांत मिळतात. मॉरवूड ही दुरुस्ती पाहू शकले नाहीत. त्यांचे २०१३ मध्ये निधन झाले होते.

हिशेबाच्या वहीत चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नसतो. त्यावर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची, असा दंडक असतो. जुना आकडाही वाचता यावा, आणि तो कोणी, का बदलला हेही कळावे, हा त्यामागचा हेतू. लिआंग बुआच्या संशोधकांनी नेमके हेच केले. बारा वर्षे जगभर गाजलेला आकडा त्यांनी त्याच नियतकालिकात, आपल्याच नावाने दुरुस्त केला. ‘अगदी कालपरवापर्यंत आपल्यासोबत वावरणारी दुसरी मानवजात’ ही वर्तमानपत्रांना भावलेली कथा त्यामुळे मोडली. पण मूळ दाव्याला मात्र बळकटीच आली. फ्लोरेसवर आधुनिक मानवाच्या खुणा सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीपासून दिसतात. त्याच्याही आधीची ही हाडे रोगट आधुनिक माणसाची म्हणणे आता आणखी कठीण झाले.

त्याच वर्षी फ्लोरेसच्याच सोआ खोऱ्यातील माता मेंगे येथून दुसरी बातमी आली. तेथे जबड्याचा तुकडा आणि काही दात मिळाले. ते सुमारे ७,००,००० वर्षांपूर्वीचे आणि लिआंग बुआच्या हाडांपेक्षाही किंचित लहान होते. २०२४ मध्ये तेथीलच दंडाच्या हाडाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ते पूर्ण वाढ झालेल्या व्यक्तीचे होते, आणि त्या व्यक्तीची उंची जेमतेम एक मीटर भरत होती. ज्या फेरहूवन यांनी लिआंग बुआत सुरुवातीचे खोदकाम केले, त्यांनीच माता मेंगे येथील दगडी हत्यारे फार प्राचीन असल्याचे अर्धशतकापूर्वी सांगितले होते. ते व्यवसायाने पुरातत्त्वज्ञ नव्हते, म्हणून त्यांचे म्हणणे फारसे मनावर घेतले गेले नव्हते.

फिलिपिन्समधील लुझोन बेटाच्या कलाओ गुहेतून २००७ मध्ये पावलाचे एक हाड मिळाले होते. ते प्राण्यांच्या हाडांच्या ढिगातून वेगळे ओळखले गेले. संशोधकांनी त्या एका हाडावरून प्रजाती जाहीर केली नाही. पुढच्या उत्खननांत दात, हाताची व पायाची हाडे मिळून किमान तीन व्यक्तींचे तेरा अवशेष जमले, तेव्हाच एप्रिल २०१९ मध्ये ‘होमो लुझोनेन्सिस’ हे नाव ठेवण्यात आले. फ्लोरेसच्या वादातून घेतलेला हा धडाच म्हणायला हवा.

रामपासासा गावाचेही उत्तर आले. २०१८ मध्ये तेथील ३२ व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. गुहेतील प्रजातीचा कोणताही अंश त्यांच्यात आढळला नाही. त्यांची कमी उंची उंचीवर परिणाम करणाऱ्या अनेक जनुकांच्या नैसर्गिक निवडीतून आलेली आहे. म्हणजे एकाच बेटावर मानवकुलातील दोन वेगवेगळ्या शाखा, परस्परांशी संबंध नसताना, वेगवेगळ्या काळी ठेंगण्या झाल्या. याला आणखीही एक अर्थ आहे. त्या गावातील माणसांकडे काही वर्षे जग कुतूहलाने, आणि कधी कधी कौतुकाच्या आडून कमीपणानेही, पाहत होते. ती तुमच्याआमच्यासारखीच आधुनिक माणसे आहेत, हे मोजमापानेच सिद्ध झाले.

सारेच प्रश्न सुटले आहेत असे नाही. हे लोक जावा बेटावरच्या उंचापुऱ्या होमो इरेक्टसपासून लहान होत आले, की आफ्रिकेतून त्याहून आधी निघालेल्या एखाद्या मुळातच लहान शाखेचे वंशज आहेत, यावर मतभेद कायम आहेत. माता मेंगेचे दात पहिल्या पक्षाला अनुकूल वाटतात. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन संशोधकांनी केलेली सर्वांगीण तुलना दुसऱ्या पक्षाकडे झुकते. उष्ण, दमट हवेत प्राचीन जनुकद्रव्य टिकत नाही. लिआंग बुआच्या हाडांतून ते मिळवण्याचे प्रयत्न फसले आहेत, त्यामुळे तो सोपा मार्ग बंद आहे. निर्णय पुन्हा हाडांच्या आकारावर आणि थरांच्या नोंदींवरच अवलंबून राहणार.

जेकब यांचे २००७ मध्ये निधन झाले. त्यांचा निष्कर्ष आज बहुतेक अभ्यासक मानत नाहीत, पण त्यांच्या आणि इतरांच्या आक्षेपांमुळेच कवट्यांच्या तुलना अधिक व्यापक झाल्या, मनगट आणि पाऊल तपासले गेले, आणि नव्या प्रजातीचा दावा अधिक कसोट्यांतून गेला. ते चुकले, याने या इतिहासाचे नुकसान झाले नाही. नुकसान झाले ते मूळ पुरावा मोडला तेव्हा. चुकलेले मत दुसऱ्या दिवशी बदलता येते. चुकलेले वय बारा वर्षांनीही दुरुस्त होते, कारण माती जागेवर होती, नोंदी जपलेल्या होत्या आणि पुन्हा मोजण्याची तयारी होती. कंबरेच्या त्या हाडाचे पूर्वीचे रूप मात्र आता फक्त छायाचित्रांत आणि मोडण्यापूर्वी घेतलेल्या मोजमापांत उरले आहे.

लिआंग बुआच्या विस्तीर्ण तळाचा थोडाच भाग आजवर खणला गेला आहे. बाकीची माती तशीच आहे. भविष्यात तेथे कोणते हाड मिळेल आणि ते आज मान्य झालेल्या गोष्टींना दुजोरा देईल की त्या मोडून काढील, हे सांगता येत नाही. ते मिळेल त्या दिवशी आधी वाळू द्यावे लागेल, मग हलक्या हाताने उचलावे लागेल. त्याच्याविषयी वाद घालायला त्यानंतर वेळ मुबलक आहे.